तुम्ही विचारलंत म्हणून: वेताळ रक्त पितो का?

"सर, आपला वेताळ खरंच रक्त पितो का हो?"

शाळेतून निवृत्त झालो तरी जुनी मुलं फोन करतात. कोणी पुण्यात आहे, कोणी संभाजीनगरला वाळूजमध्ये. रात्रपाळीहून आल्यावर मोबाईलवर परदेशी मालिका बघतात, आणि त्यात आपल्या ओळखीचं नाव ऐकू आलं की त्यांना माझी आठवण होते, कारण वर्गात वेताळाच्या गोष्टी मी सांगायचो. प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. फोनवर धड उत्तर देता येत नाही, म्हणून आज नीट लिहितो.

मालिका ‘सुपरनॅचरल’. २००५ ते २०२० अशी पंधरा वर्षं ती चालली, ३२७ भाग झाले. सॅम आणि डीन विंचेस्टर हे दोघे भाऊ जुन्या काळ्या इम्पाला गाडीतून अमेरिकाभर हिंडतात आणि भुताखेतांची शिकार करतात. सातव्या पर्वातल्या अकराव्या भागात ‘वेताला’ येतात. आधी साध्या माणसासारख्या दिसतात, त्या भागात तर चारचौघींसारख्या बायाच. मग डोळे सापासारखे होतात, सुळे बाहेर येतात. दंशातल्या विषानं माणसाला गुंगी आणायची, आणि पुढे काही दिवस त्याचं रक्त थोडं थोडं पीत राहायचं. शिकार जोडीनं करतात. चांदीचं पातं काळजात घालून फिरवलं की मरतात.

मी तो भाग दोनदा पाहिला. शिकारीवर गेलेला बाप परत येत नाही म्हणून त्याची वाट बघत बसलेली एक शाळकरी मुलगी त्यात आहे, तिच्यासाठी जीव तुटला. भाग चांगला बांधलाय. पण संपला तेव्हा मला वाईट वाटलं, कारण त्या वेताळानं पूर्ण भागात कोणाला एकही कोडं घातलं नाही.

माझा वेताळ आमच्या शिवेवर आहे. पैठण तालुक्यातलं गाव, गोदावरीपासून दोन कोस. शेंदूर फासलेला तांदळा, ना नाक ना डोळे, आणि भोवती लहान लहान दगडांचं रिंगण. ते त्याचं सैन्य, असं म्हातारी माणसं सांगायची. अमावास्येला तो मशाली घेऊन सैन्यासकट फिरतो, आणि त्याची पालखी दिसली तर वाट सोडून उभं राहायचं, बघत बसायचं नाही. गुरं हरवली की त्यालाच नारळ कबूल करायचे. रक्ताचं नाव मी गावात त्याच्या संदर्भात कधी ऐकलं नाही.

विहिरीवरच्या मोटारीला लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, हे तेव्हाही होतं. माघाच्या थंडीत गव्हाला पाणी द्यायला वडील निघायचे (आम्ही त्यांना दादा म्हणायचो) आणि बॅटरी धरायला मला घ्यायचे. वाट वेताळापासूनच जायची. मी त्यांचं धोतर घट्ट धरायचो. दादा म्हणायचे, "त्याला भेऊ नगं. खाली बघ, पायाखाली बघ." त्यांना भीती घोणस आणि मण्यारीची होती, आणि ती खरी होती. आमच्या भावकीतला एक माणूस दारं धरतानाच गेला. म्हणून विषाच्या दाताचा, सापाच्या डोळ्यांचा वेताळ पडद्यावर पाहिला तेव्हा मला पहिली आठवण त्या बांधाची झाली.

दारं धरायचं म्हणजे एक वाफा भरला की पाटाचं दार मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात घ्यायचं. काम थोडं, वाट बघणं फार, आणि झोप येऊन चालत नाही. मग दादा वेताळाची गोष्ट काढायचे. गोष्ट संपली की प्रश्न, आणि माझं उत्तर आल्याशिवाय ते पुढे बोलायचे नाहीत.

धडं बदललेल्याची गोष्ट त्यांची आवडती. देवीच्या देवळात नवऱ्यानं स्वतःचं मस्तक वाहिलं, ते बघून मेहुण्यानंही वाहिलं. बायको जीव द्यायला निघाली तेव्हा देवी प्रसन्न झाली, म्हणाली, मुंडकी धडांना लाव, दोघं उठतील. तिनं घाईत उलटसुलट लावली. आता तिचा नवरा कोणता? मी म्हटलं, डोकं ज्याचं तो. पोथीतला राजाही तेच उत्तर देतो, कारण सगळ्या अवयवांत मस्तक श्रेष्ठ. दादांनी दार मोडलं, चिखलाचे हात माझ्यासमोर धरले आणि विचारलं, "मंग हे पाणी कोण देतंय? डोकं का हात?" पुढचा वाफा भरेपर्यंत मी गप्प होतो. मी नववीत होतो आणि तो प्रश्न अजून माझ्याजवळ आहे.

रूप बदलणाऱ्या प्राण्याची गोष्ट म्हणून मुलं मला ती मालिका सांगतात, तेव्हा मी त्यांना ही सांगतो. वेताळाला स्वतःचं शरीरच नाही. तो दुसऱ्याच्या प्रेतात शिरून बोलतो. म्हणून माणूस म्हणजे धड की डोकं, हे विचारायचा हक्क त्याच्याइतका कोणाचा?

पुढे बी.एड. करताना अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ हातात आला, आणि वेताळाच्या कथांच्या सुरुवातीलाच मी थबकलो. उज्जैन नाही. गोदावरीच्या काठचं प्रतिष्ठान, म्हणजे आमचं पैठण, आणि राजा त्रिविक्रमसेन! दूरदर्शनवर १९८५ साली विक्रम आणि बेताल लागायचं तेव्हा गावातलं निम्मं पोरगं एका टीव्हीपुढे असायचं, पण हा राजा आपल्या तालुक्याचा आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मी वर्गात दरवर्षी सांगत आलो.

आता रक्ताचं. त्या ग्रंथात रक्त आहे, ते लपवणार नाही. पण ते मांडलंय क्षांतिशील नावाच्या भिक्षूनं. रोज एक फळ आणि फळाच्या पोटात रत्न देऊन त्यानं राजाला भुलवलं, कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात बोलावलं आणि झाडावरचं प्रेत आणायला धाडलं. हाडांच्या भुकटीचं मंडल, रक्तानं भरलेले कलश, माणसाच्या चरबीचे दिवे, ही सगळी तयारी त्याची. राजाचा बळी द्यायचा हे आधीच ठरलेलं. शेवटचा प्रश्न असा होता: बापानं एका परक्या मुलीशी आणि त्याच्या मुलानं तिच्या आईशी लग्न केलं, तर त्यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय? राजाला उत्तर येईना. तो न बोलता चालत राहिला, आणि वेताळानं प्रसन्न होऊन त्याला भिक्षूचा बेत सांगितला. भिक्षू साष्टांग घाल म्हणेल, तू म्हण आधी करून दाखव. राजानं तसं केलं, वाकलेल्या भिक्षूचं डोकं उडवलं आणि त्याचं काळीज वेताळाला वाहिलं. तेव्हा माझा वेताळ शाकाहारी आहे असं मी म्हणणार नाही. पण राजाचा जीव त्यानं वाचवला.

आणखी एक रक्त आहे, ते मला जास्त जवळचं. सोमदेव आपला ग्रंथ गुणाढ्याच्या बृहत्कथेचं सार म्हणून देतो. गुणाढ्य पैठणच्या सातवाहन राजाचा प्रधान. पैज हरला म्हणून त्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या आणि रानात गेला. तिथे काणभूती नावाच्या पिशाच्चानं सांगितलेल्या कथा त्यानं पैशाची भाषेत लिहिल्या. सात लाख श्लोक, सात वर्षं. रानात शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्तानं. राजानं त्या परत पाठवल्या: भाषा पिशाच्चांची, अक्षरं रक्ताची. गुणाढ्यानं आगटी पेटवली. एकेक पान मोठ्यानं वाचायचं आणि आगीत टाकायचं. हरणं, रानडुकरं चरायची सोडून भोवती बसली, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. इकडे राजाच्या ताटातलं मांस वाळकं लागू लागलं, तो आजारी पडला, तेव्हा पारध्यांनी कारण सांगितलं. तो धावत पोचला तोवर सहा लाख जळाले होते. एक लाख उरले.

परवा वाळूजहून फोन आला. पाळी संपवून मुलगा बसची वाट बघत होता. त्यानं रक्ताचं विचारलं. मी म्हटलं, आधी एक गोष्ट ऐक, आणि धडं बदललेल्याची सांगितली. तो म्हणाला, डोकं ज्याचं तो, सर, सोपं आहे. मी दादांचा प्रश्न विचारला. दिवसभर मशीनवर कोण उभं होतं रे, डोकं का हात?

मागे गाड्यांचा आवाज येत होता. बराच वेळ तो काही बोलला नाही.

"सर, फोन ठेवू नका," तो म्हणाला. "सांगतो."