भीती वाटायची

ह्यांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. कधी शेजारच्या नव्या सुनेकडून, कधी लेकीच्या मैत्रिणींकडून. "काकू, काका दिवसभर टीबीच्या पेशंटमध्ये आणि घरात लहान मूल. तुम्हाला भीती नाही वाटली?"

आजवर "सवय होते गं" म्हणून मी वेळ मारून नेली. तुम्ही विचारलंत आणि उत्तरासाठी थांबलातही, म्हणून खरं सांगते. वाटायची. इतकी, की एकदा मी ह्यांचा कप वेगळा ठेवला होता.

आम्ही तेव्हा शिवडीला राहायचो, चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत. ह्यांची नोकरी महापालिकेच्या क्षयरोग विभागात, वस्ती गोवंडीची. सकाळी हार्बरची गाडी पकडायची आणि कामाला जाणारे लोक घराबाहेर पडायच्या आत त्यांना गाठायचं. ह्यांचं काम डॉट्सचं, म्हणजे पेशंटने टीबीच्या गोळ्या ह्यांच्या डोळ्यांसमोर गिळायच्या. रोजच्या गोळ्या 2017 पासून आल्या, त्याआधी एक दिवस आड असायच्या. प्रत्येक पेशंटच्या नावाचा एक डबा, नव्या पेशंटचा लाल, आणि त्यात त्याचं पूर्ण कोर्सचं औषध. हे म्हणायचे, "डबा समोर ठेवला ना, की माणूस जरा सरळ बसतो. आपलं औषध संपणार नाही हे त्याला दिसतं." लघवी केशरी झाली म्हणून घाबरलेल्या माणसाला हे हसून सांगायचे, "अरे, औषध पोटात गेल्याची खूण आहे ती."

खरी लढाई दोन महिन्यांनी सुरू व्हायची. खोकला थांबतो, वजन वाढतं, अंगात ताकद येते आणि माणूस औषध सोडतो. मग अर्धवट मेलेले जंतू त्याच औषधाला दाद देत नाहीत. जरीच्या कारखान्यातली पोरं माळ्यावरच्या एका खोलीत काम करायची आणि रात्री तिथेच झोपायची. त्यातलं कुणी गावाला निघालं की ह्यांच्या जिवाला घोर. एकदा तर हे एका पोराला गाठायला थेट कुर्ला टर्मिनसला गेले होते, गावातल्या दवाखान्यासाठीचा कागद त्याच्या खिशात घालायला. उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की काहींना उलटी व्हायची, म्हणून ह्यांच्या पिशवीत केळी असायची. महिनाअखेरीला त्या केळ्यांवरून मी ह्यांना बोललेली आहे, आणि ते बोलणं आज मला टोचतं.

घरी आले की आधी चाळीच्या नळावर हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे आणि मगच लेकीला उचलून घ्यायचे. ती टॉवेल घेऊन गॅलरीत उभीच असायची. माझी शाळा सकाळची, माझी धावपळ होऊ नये म्हणून तिच्या वेण्या हे रात्रीच घालून ठेवायचे. तेल चोपडून, घट्ट, अगदी सरळ भांग पाडून. रविवारी पोलिओचे डोस नसले तर ओहोटीची वेळ बघून तिला खांद्यावर बसवून शिवडीच्या बंदरावर रोहित पक्षी दाखवायला न्यायचे.

2004 साली पावसाळा सरता सरता तिला खोकला लागला. चार वर्षांची होती. पंधरा दिवस झाले तरी हटेना, संध्याकाळी अंग कोमट लागायचं, जेवण कमी झालं. मी ह्यांना काही बोलले नाही. फक्त फळीवरचा कान तुटलेला कप काढला आणि ह्यांचा चहा त्यात ओतायला लागले. तो कप मी इतरांच्या कपांत मिसळत नव्हते, वेगळा घासत होते. ह्यांच्या लक्षात आलं नसेल असं मी स्वतःला सांगत होते. आठ दिवस हे त्याच कपातून चहा प्यायले, आणि चौथ्या दिवसापासून तो कप स्वतः विसळून ठेवायला लागले.

शेवटी मलाच राहवलं नाही. म्हटलं, "अहो, काहीतरी बोला." तेव्हा म्हणाले, "वस्तीत एक बाई आहे. सासूने तिचं ताट-वाटी बाहेर काढलं. रोज त्या घरात जाऊन सांगतो, भांड्यांनी टीबी पसरत नाही, खोकल्यातून हवेत उडतो, खिडक्या उघडा. तिथे सांगायला काही वाटत नाही. तुला सांगायला जीभ रेटेना."

मला त्यांनी रागावायला हवं होतं. रागावले असते तर मी भांडून मोकळी झाले असते. त्या रात्री मी तो कप टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. छातीचा एक्स-रे काढला आणि हातावर टीबी तपासायची सुई दिली. सुईच्या जागी किती गाठ उठते ते दोन-तीन दिवसांनी डॉक्टर पट्टी लावून मोजतात. हे रोज दुसऱ्यांच्या पोरांना तिथे पाठवायचे, आयांना धीर द्यायचे. मला वाटलं, ह्यांना कसली आलीय काळजी.

दुसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली. हे लेकीच्या अंथरुणाशी उकिडवे बसले होते. एका हातात टॉर्च, प्रकाश फार पडू नये म्हणून तोंडावर बोटं धरलेली. तिचा डावा हात मांडीवर घेऊन अंगठ्याने त्या जागेवरून हळूच चाचपत होते. मी हलले नाही. पाच मिनिटांनी टॉर्च बंद झाला, परत लागला. पुन्हा चाचपलं. माझ्याआधीपासून भीती त्यांना होती, आणि ती घेऊनच हे रोज सकाळी गाडी पकडत होते. हे मला लग्नाला सात वर्षं झाल्यावर कळलं.

गाठ उठली नाही. एक्स-रे साफ आला. साधा खोकला होता, आणखी आठवड्याने गेला. तरी त्या रविवारी ह्यांनी खिडकीपुढचं लोखंडी कपाट एकट्याने ढकलत दाराच्या बाजूला नेलं. खोलीत वळायला जागा उरली नाही, पण दुपारचं ऊन थेट अंथरुणाच्या घडीवर यायला लागलं.

हे जाऊन आता सहा वर्षं झाली. मागच्या दिवाळीत लेकीला मी कपाची आणि टॉर्चची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. कपाचं तिला काहीच आठवत नव्हतं. टॉर्चचं ऐकून मात्र ती हसली.

"आई, मी जागीच होते. मी बाबांना विचारलं पण होतं, काय करताय. म्हणाले, गावाहून एक काजवा आलाय, तुझ्या हातावर बसलाय का बघतोय. तू झोप."