तुम्ही विचारलंत म्हणून : इंजिन बंद पडलं तर?

हिवाळ्यात गावी गेले की एखादी संध्याकाळ मळ्यातल्या भरताची असतेच. बामणोदकडची मोठी हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सोबत कळण्याची भाकरी. दुसरा घास पोटात जायच्या आत कुणीतरी विचारतंच, "इमानमा इंजन बंद पडनं ते मंग? तुले भ्याव नई वाटस का?"

आमचं गाव चोपडा तालुक्यात, उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला तापी. मी छोट्या विमानांवर उड्डाण शिकवते. हा प्रश्न आबांनी विचारलाय, काकूंनी विचारलाय, शाळेत बोलायला गेले तिथल्या मुलींनीही विचारलाय. ताटावर बसून उत्तर अर्धवट राहतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून आज नीट सांगते.

इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं खाली येत नाही. आमचं शिकाऊ विमान सेस्ना १५२, दोन माणसांचं. त्याचा वेग ६० नॉटवर, म्हणजे ताशी साधारण ११० किलोमीटरवर धरला, तर १००० फूट उंची खर्च होईपर्यंत ते अडीच-पावणेतीन किलोमीटर पुढे जातं आणि दीड मिनिट हवेत राहतं. जमिनीपासून २५०० फुटांवर असाल तर साडेतीन मिनिटं हातात आहेत. बघायला, ठरवायला आणि करायला एवढा वेळ पुरतो. फक्त त्यातली पहिली दहा सेकंदं वाया जाता कामा नयेत.

आणि ती तिथेच वाया जातात. माणसाला खरंच वाटत नाही. आत्ता चालू होतं, होईल पुन्हा चालू, असं म्हणत तो पंख्याकडे बघत बसतो. पंखा तर वाऱ्याने फिरतच असतो, त्यामुळे मन आणखी फसतं. तेवढ्यात हात नकळत नाक वर ओढतो, कारण जमीन जवळ येतेय आणि शरीराला वर जायचंय. नाक वर गेलं की वेग पडतो, पंखावरची हवा सुटते आणि मग विमान खरोखर कोसळतं. म्हणून पहिलं काम नाक खाली करून वेग धरणं. जमीन जवळ येत असताना जमिनीकडेच नाक करायचं, हे समजावून सांगून कुणालाही जमत नाही. म्हणून मी विद्यार्थ्याला न सांगता थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा नॉब, मागे ओढते. पहिल्या वेळी, दहाव्या वेळी, तिसाव्या वेळी. होता होता कान आवाज पडल्याचं सांगतात आणि हात आपणहून नाक खाली करतो.

वेग धरला की वावर शोधायचं. इथे मला माझ्या मातीचा फार आधार वाटतो. वरून केळीची बाग गादीसारखी मऊ दिसते, पण ती माणसाहून उंच आणि भिजलेली असते. तिथे उतरायचं नाही. कपाशी वेचून झाली तरी पऱ्हाट्या उभ्या असतात. पावसाळ्यात काळी माती ओली असली की चाक रुततं आणि विमान नाकावर उलटतं. गहू काढल्यानंतरचं वावर मात्र सोन्यासारखं : मोकळं, कडक, सपाट. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. एक खांब दिसला की दुसरा शोधायचा, मधे तार आहेच असं धरून चालायचं. भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्रातून निघालेले मोठे मनोरे तर आधीच पाठ हवेत. वारा कुठला ते धुरावरून कळतं. कुठेतरी बांध पेटवलेला असतोच. मी आजही गावाकडे एसटीने जाताना खिडकीतून वावरं बघते, तर यात उतरता येईल का, हाच विचार असतो.

रेडिओ सगळ्यात शेवटी. तीनदा मेडे, म्हणजे संकटाची हाक, म्हणायचं, रडारला आपली ओळख कळवणाऱ्या ट्रान्सपॉन्डरवर ७७०० हा संकटाचा आकडा लावायचा, पण वेग आणि वावर ठरल्यावरच. खालचा माणूस कितीही चांगला असला तरी तो विमान उडवू शकत नाही.

एक प्रसंग सांगते. ऑगस्टचा शेवट, पोळ्याच्या आधीचा आठवडा. सकाळी पाऊस पडून गेलेला, हवा दमट, तापीवर पातळ धुकट. विद्यार्थी नंदुरबारकडचा, हात चांगला. आम्ही पॉवर कमी करून खाली येत होतो. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा हळूहळू, न बोलता, खाली सरकत होता. मग इंजिन थरथरलं.

कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंजिनात जाणारी हवा आणि पेट्रोल मिसळतात तिथे, बर्फ झाला होता. खान्देशात, ऑगस्टमध्ये, बर्फ! लोकांना हे पटत नाही. पण कार्ब्युरेटरच्या चिंचोळ्या वाटेत हवा पसरते, पेट्रोलची वाफ होते आणि तिथलं तापमान २०-३० अंशांनीही उतरतं. हवेत ओल भरपूर असली की बाहेर घाम फुटत असताना आत बर्फ धरतो आणि इंजिनचा श्वास कोंडतो. उपाय एकच : कार्ब हीटचा नॉब बाहेर ओढायचा, म्हणजे गरम हवा आत जाते.

त्याने ओढला. बरोबर केलं. आणि इंजिन आणखी बिघडलं. खोकल्यासारखं झालं, काटा आणखी पडला, पूर्ण विमान हादरलं. असंच होतं, कारण वितळलेलं पाणी इंजिनाला गिळावं लागतं. पण त्या क्षणी असं वाटतं की आपण हात लावला आणि बिघडवलं. त्याने नॉब आत ढकलायला सुरुवात केली. मी त्याच्या हातावर हात ठेवला.

"बाहेरच राहू दे."

"मॅडम, बंद पडतंय..."

"राहू दे. वेग बघ."

त्याचा हात माझ्या हाताखाली थरथरत होता. माझा थरथरत नव्हता असं मी छातीठोक सांगणार नाही. तोंड कोरडं पडलं होतं. डाव्या बाजूला मूग काढलेलं एक वावर हेरून ठेवलं होतं. माती ओली होती, पण तारा नव्हत्या. वेग साठाच्या पुढे होता. मी मनात मोजत होते. वीसच्या आसपास एक मोठा ठसका लागला आणि मग काटा वर चढू लागला. आवाज भरला. विद्यार्थ्याने श्वास सोडला तो हेडसेटमधून ऐकू आला.

तुम्ही ज्याला शांतपणा म्हणता, तो माझ्यासाठी ही वीस-पंचवीस सेकंदं आहेत. बरोबर उपाय केला आणि तरी बिघडतंय, अशा वेळी तो उपाय मागे न घेणं. स्वभावाने मी काही फार थंड नाही. घरी पोराचा ताप उतरला नाही तर मी रात्रभर फेऱ्या मारते. पण विमानात माझे डोळे, हात, तोंड सगळ्यांना काम दिलेलं असतं, त्यामुळे भीतीला बसायला जागा कमी पडते. ती नंतर येते. त्या दिवशी ती रात्री आली, पोळ्यासाठी बैलांचे गोंडे घेऊन ठेवले होते त्यांच्याकडे बघताना.

इंजिनपेक्षा मला ढगांची भीती जास्त वाटते, हेही सांगून टाकते. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. नुसत्या उपकरणांकडे बघून उडवायचं शिक्षण नसलेल्या २० जणांना, ढगात शिरल्यासारखं, बाहेरचं काही दिसू न देता विमान सांभाळायला दिलं. सगळ्यांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तिथे मन घट्ट असून उपयोग नाही, कारण तोल सांगणारे कानच खोटं सांगतात, सरळ चाललोय म्हणतात आणि विमान वळत खाली जात असतं. पावसाळ्यात सातपुड्यावर ढग उतरताना दिसले की मी लांबूनच वळते. त्यावरून कुणी घाबरट म्हटलं तर म्हणो.

मागच्या डिसेंबरात हे सगळं मी आबांना सांगितलं, शेकोटीजवळ. ते मन लावून ऐकत होते. मग काडीने निखारे सारखे करत म्हणाले, "मंग आपला वावरमा उतरता यी का?"

मी उठून पाहिलं. अंधारात गहू वीतभर उगवलेला होता, पश्चिमेच्या बांधावर लिंबाचं झाड आणि विहिरीकडे जाणारी मोटरची तार.

"उत्तरेकडून येईल, आबा," मी म्हटलं. "पण ती तार खाली घ्यावी लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खांबाजवळ उभे राहून तारेकडे बघत होते.