गोळी उडालीच नाही, तरी नळी खाली

ट्रिगर दाबला, आवाज झालाच नाही, आणि तरी पिस्तुलाची नळी टक्कन खाली गेली.

शूटिंग रेंजवर शेजारच्या लेनमधला नवा माणूस, स्वतःचं पिस्तूल घेऊन आलेला, आणि कोचने त्याच्या मॅगझिनमध्ये न सांगता एक डमी राउंड, म्हणजे न उडणारी खोटी गोळी, घुसवलेला. कोच शांतपणे म्हणाला, "बघ, झटका बसायच्या आधीच तू पिस्तूल खाली ढकलतोयस."

हे वाक्य डोक्यातून जाईचना. कारण तोवर तो बिचारा साइटला, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या खुणेला, दोष देत होता, गोळ्या सगळ्या खाली डावीकडे जातायत म्हणून, उजव्या हाताच्या नवख्यांचं हे नेहमीचंच. लोक नवीन ग्रिप घेतात, लेझर घेतात, खर्च करत सुटतात, आणि औषध तर फुकटातलं आहे: चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं आहे ना ते दोनदा तपासायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत, नळी सुरक्षित दिशेला, मग रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर हळूहळू दाबत बसायचं, नजर पुढच्या साइटवर, टार्गेट धूसर दिसलं तरी चालतं. (काडतुसाच्या कडेवर पिन आपटणारं रिमफायर पिस्तूल असेल तर आधी स्नॅप कॅप, म्हणजे पिनचा मार झेलणारी खोटी गोळी, घाला हां.)

10 मीटर एअर पिस्तुलच्या टार्गेटवर दहाचा गोल जेमतेम 11.5 मिलिमीटरचा. तिथवर पोचलेलेही हेच करतात, रोज.

कंटाळवाणं आहे, मान्य. तुमच्यात कोणी नेमाने करतं का?