शंका घ्यायची तर पुरती घ्या

आमचा पुतण्या मानखुर्दला राहतो, गॅलरीतून अणुशक्तीनगरच्या इमारती दिसतात, आणि म्हणतो काय, "काका, अणुबॉम्ब ही सगळी थाप आहे!"

त्याला झिडकारलं नाही. सरकारी आकड्यांवर शंका घ्यायला जागा आहेच. १९९८ साली पोखरणला झालेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची ताकद ४५ किलोटन सांगितली गेली. त्याच चाचण्यांत जबाबदारीच्या पदावर असलेले के. संथानम २००९ मध्ये उघड म्हणाले, तो बॉम्ब अपेक्षेइतका फुटलाच नाही. अणुऊर्जा खात्यानं ते खोडून काढलं. असं भांडण मला आवडतं, कारण ते मोजमापावरून आहे.

पण "बॉम्बच नाही" म्हणणाऱ्यानं कार्बन-१४ चं, म्हणजे कार्बनच्या किरणोत्सारी प्रकाराचं, काय करायचं ते सांगावं. उघड्यावरच्या चाचण्यांमुळे उत्तर गोलार्धातल्या हवेत त्याचं प्रमाण १९६३ च्या सुमारास जवळजवळ दुप्पट झालं. त्याच वर्षी करार होऊन बहुतेक चाचण्या जमिनीखाली गेल्या आणि ते उतरू लागलं. झाडांच्या खोडातल्या वर्तुळांत हा चढउतार आजही मोजता येतो. आता झाडांना कोणी पढवलं?

पुतण्या जरा गप्प झाला. मग म्हणाला, "आणि तुर्भ्याची ती अप्सरा अणुभट्टी?"

"४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली," म्हटलं. लगेच मोबाइल काढून तपासायला बसला पठ्ठ्या.