बी-फ्लॅट अखेर चारही तारांवर वाजली

मागील नोंदीत जिच्यापाशी सारे अडले होते, कारण ई आणि ए या तारा दबक्या वाजत होत्या, ती ३२११ या आकाराची बी-फ्लॅट ही कॉर्ड (एकत्र वाजवायचा स्वरसमूह) या आठवड्यात माझ्या कॉन्सर्ट आकाराच्या युकुलेलेवर, म्हणजे गिटारसारख्या छोट्या चार-तारी वाद्यावर, स्वच्छ वाजली. ३२११ म्हणजे ‘जी’, ‘सी’, ‘ई’ आणि ‘ए’ या तारा अनुक्रमे तिसऱ्या, दुसऱ्या, पहिल्या आणि पहिल्या फ्रेटवर (दांडीवरील धातूच्या आडव्या पट्टीपाशी) दाबणे; ० म्हणजे तार मोकळी. एफ मेजरमधील गाणी घेणाऱ्या प्रत्येकाची या कॉर्डशी गाठ पडतेच. काहीजण ती सोडून देतात आणि तेथे ०२११ वाजवून वेळ मारून नेतात. पण त्यात ‘जी’ ही तार मोकळी राहते आणि कॉर्डचा भारदस्तपणा निघून जातो, असे माझे मत आहे.

उलगडा झाला तो एका साध्या ताळ्यामुळे. हाच आकार दोन फ्रेट वर सरकवला, म्हणजे ५४३३ धरले, की सी मेजर मिळते, आणि ती पहिल्यापासून खणखणीत वाजत होती. बोटात जोर नसता तर तेथेही ई आणि ए या तारा दबक्या वाजायला हव्या होत्या. तेव्हा संशय नटवर, म्हणजे दांडीच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीवर, गेला. तिसऱ्या फ्रेटच्या किंचित मागे तार दाबून धरली असता तार आणि पहिला फ्रेट यांच्यामध्ये कागद जेमतेम सरकेल एवढीच फट असावी. माझ्याकडे ए आणि ई या दोन्ही तारांखालून व्हिजिटिंग कार्ड विनासायास जात होते. ट्यूनरनेही हेच सांगितले, कारण मोकळी ए बरोबर लागलेली असतानाही पहिल्या फ्रेटवरचा स्वर वीसेक सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा येत होता. नटची खाच उथळ असली की तार उंचावर राहते, आणि नटच्या अगदी लगत ती दाबायला सर्वाधिक जोर लागतो. वर सरकावे तसा हा त्रास कमी होत जातो.

नट घासण्याच्या खास कानशी एका वाद्यासाठी घेणे मला परवडण्यासारखे वाटले नाही. हार्डवेअरच्या दुकानात गॅस वेल्डिंगचे नोझल साफ करण्याच्या खरबरीत सुयांचा संच अगदी स्वस्तात मिळतो, आणि प्लॅस्टिकच्या नटला तो पुरेसा आहे. हाडाच्या नटवर मात्र त्याने घासत बसणे म्हणजे संयमाची परीक्षा ठरेल. तारेपेक्षा किंचित जाड सुई निवडावी, तार सैल करून बाजूला सारावी, दोन-चार हात मारावेत आणि तार पुन्हा सुरात लावून फट तपासावी.

घासून झाल्यावर मोकळी ए तार झणझणू लागली. तंबोऱ्यावर मिरजेचे कारागीर ज्या जवारीसाठी (झणझणीत नादासाठी) घोडीवर तासन्‌तास खपतात, ती येथे अगदी नकोशी असते. खाचेचा तळ सपाट राहिल्यामुळे तार पुढच्या कडेवरून न सुटता आतूनच सुटत होती. पुढची कड तशीच ठेवून तळाला खुंट्यांच्या दिशेने उतार दिल्यावर झणझण थांबली आणि चढा स्वरही जवळजवळ जागेवर आला.

तरीही ई तार मधूनच मुकी राहत होती, आणि त्याचे कारण तर्जनीच्या ठेवणीत सापडले. तर्जनी चारही तारांवर आडवी टाकली की तिच्या पहिल्या सांध्याची घडी नेमकी ई तारेवर येते आणि तार त्या खोलगट जागेत दबतच नाही. बी-फ्लॅटमध्ये जी आणि सी या तारा अनामिका व मधले बोट सांभाळत असल्यामुळे तर्जनीने फक्त दोनच तारा दाबायच्या असतात. म्हणून बोट मागे ओढून त्याचे टोक ई तारेच्या जरासेच पुढे ठेवले, बोट अंगठ्याच्या बाजूच्या कडेवर किंचित कलते केले आणि ते फ्रेटच्या तारेला भिडवले. अंगठ्याने चिमटा काढण्यापेक्षा कोपर हलकेच मागे ओढल्याने दाब अधिक मिळतो. त्यासाठी दांडीचा भार डाव्या हातावर नसावा लागतो, आणि म्हणूनच वाद्य अडकवण्याच्या पट्ट्याला नावे ठेवणाऱ्यांशी माझे पटत नाही.

यापुढे ‘जी’ तारेची खाच घासून लो-जी, म्हणजे एक सप्तक खाली लागणारी ‘जी’ तार, चढवण्याचा बेत होता. परंतु हे लिहिता लिहिता लक्षात आले की लो-जीची तार जाड असल्यामुळे तिला रुंद खाच लागते, आणि एकदा रुंद केलेली खाच सहजासहजी अरुंद करता येत नाही. शिवाय बी-फ्लॅटमध्ये ‘जी’ तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली जात असल्यामुळे तेथे नटची उंची फारशी नडत नाही. तेव्हा ती खाच तूर्त आहे तशीच राहील, आणि आधी फ्लुरोकार्बनच्या तारांचा संच लावून पाहीन. त्या तेवढ्याच स्वराला नायलॉनपेक्षा बारीक असतात.

तोवर सराव २२२३ या डी सेव्हनचा. तेथे खरोखरच चारही तारा आडव्या बोटाखाली येतात. टोक दांडीच्या कडेबाहेर थोडे काढले, तर सांध्याची घडी सी आणि ई यांच्या मधोमध पडते असे दिसते. कोणी असे वाजवत असल्यास मनगट कितपत वळवावे लागते, ते कृपया कळवावे.