मुक्काम पोस्ट पुट अप

‘व्हेअर आर यू पुटिंग अप?’ नोकरीच्या मुलाखतीत, ट्रेनमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठेही कानावर पडणारा प्रश्न. उत्तर देणारा बिनदिक्कत आपल्या वडिलोपार्जित घराचा पत्ता सांगतो. आजोबा ज्या घरात जन्मले, त्याच घरात नातू ‘पुटिंग अप’! इंग्रजीचे मास्तर यावर कपाळाला हात लावतात. पुट अप म्हणजे चार दिवसांची सोय, लॉजवर किंवा कुणाकडे तरी. कायम राहायचं असेल तर ‘लिव्ह’ म्हणा, असा त्यांचा दंडक. आजच्या इंग्रजीत तर पाहुणा स्वतः क्वचितच पुट अप करतो, यजमान त्याला पुट अप करतो. (त्याच शब्दांना ‘विथ’ चिकटला की अर्थ होतो सहन करणं. पाहुणा लांबला की हा ‘विथ’ आपोआप येत असावा.)

जुन्या इंग्लंडात प्रवासी सराईत पोचला की त्याचा घोडा तबेल्यात बांधत, त्यालाही पुट अपच म्हणत. वस्तू आपल्या जागी नीट ठेवून देण्याचाही एक अर्थ त्यात आहे. 1611 च्या इंग्रजी बायबलात येशू पीटरला तलवार म्यानात घालायला सांगतो, ते याच दोन शब्दांनी. आपण मात्र विचारतो, ‘कुठे उतरलात?’ ते ‘अप’ म्हणतात, आपण खाली उतरतो, आणि रात्रीची सोय दोघांचीही होते.

तरीही मास्तरांची बाजू मला पुरती घेता येत नाही. मुक्काम म्हणजे काय? वाटेतला थांबा. फौजेचा मुक्काम, पालखीचा मुक्काम, पावण्यांचा मुक्काम. सकाळ झाली की हललाच. आणि पाकिटावर पत्ता कसा लिहितात? मु. पो. अमुक, तालुका तमुक. सात पिढ्या ज्या मातीत गेल्या, तिच्याही नावाआधी मुक्काम! कोर्टकचेरीच्या कागदावर ‘रा.’ म्हणजे राहणार असं लिहितात खरं, पण टपालखात्यापुढे आपण सगळे वाटसरूच. ज्याच्या हाताला लहानपणापासून ‘मु. पो.’ची सवय, त्याच्या तोंडी ‘पुटिंग अप’ आलं तर त्यात नवल ते काय? परदेशी परीक्षकापुढे मात्र ‘लिव्हिंग’ म्हणावं, उगाच मार्क का घालवा.

आपल्या कचेऱ्यांत आणखी एक गोष्ट पुट अप होते, ती म्हणजे फाइल. कारकून ती टिपणीसह वरिष्ठांच्या टेबलावर पाठवतो आणि विचारणाऱ्याला सांगतो, ‘पुट अप केलीय.’ तिथे तिला ना भाडं, ना खोली सोडायची वेळ. खाली उतरायची घाई तिला कधीच नसते.