मोटार का जळाली?

दहावीचा निकाल लागला की आमच्या घरी पालक येऊ लागतात. मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालो त्याला आता काही वर्षे झाली, तरी हा शिरस्ता मोडलेला नाही. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : इतक्या टक्क्यांना काय मिळेल? मुलाला काय जमते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो, आणि शेजारी बसलेला मुलगा तर सगळा वेळ खाली मान घालून असतो.

राज्यात २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू झाली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कोणाकडे आहे, हे त्या अहवालात कळत असे. पण आवड म्हणजे क्षमता नव्हे, हे पालकांना समजावताना माझी दमछाक व्हायची. शिवाय जे पाहिलेच नाही त्याची आवड निर्माण होणार तरी कशी? ज्या मुलाने आयुष्यात शिक्षक, पोलीस, डॉक्टर आणि सैन्यातून सुट्टीवर आलेला काका एवढेच व्यवसाय जवळून पाहिले आहेत, त्याचा कल या चौघांच्या पलीकडे जाणे अवघडच.

माझ्या भाच्याच्या बाबतीत तर मी स्वतःच फसलो होतो. लहानपणापासून तो घरातले रेडिओ, पंखे, मिक्सर उघडून बसायचा, म्हणून ‘याच्या हातात कला आहे’ असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकले होते. दहावीची परीक्षा संपल्यावर निकालापर्यंत रिकामा वेळ होता, तेव्हा ओळखीच्या एका मोटार रिवाइंडिंगच्या, म्हणजे शेतीपंपांच्या जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या, दुकानात मी त्याला महिनाभर बसवले. पहिल्या आठवड्यातच तो कंटाळला. तारेचे वेढे मोजत, एकसारखी वेटोळी भरत बसणे त्याच्याने होईना, आणि दुकानदारानेही ‘पोरगा चंचल आहे’ असा शेरा दिला. मी मनातून खट्टू झालो.

परंतु त्याच दुकानात त्याने, कोणी न सांगता, एक वही ठेवली होती. आलेली मोटार किती अश्वशक्तीची, कोणत्या गावची, कोणत्या डीपीवरची (म्हणजे वीज पुरवणाऱ्या रोहित्रावरची) आणि कशामुळे जळाली, अशा नोंदी तो रोज रात्री करीत असे. महिना संपताना त्याने मला दाखवले की जळालेल्या मोटारींपैकी बऱ्याचशा एकाच डीपीवरच्या होत्या. तिथे विजेच्या तीन फेजपैकी एक वारंवार जात असे आणि शेतकरी मोटार तशीच चालू ठेवीत, म्हणून ती जळे. हे सांगताना एरवी अबोल असणारा हा मुलगा अर्धा तास थांबला नाही. ‘मामा, मोटार भरण्यापेक्षा ती जळाली का, हे शोधण्यात मजा आहे,’ असे तो म्हणाला.

नंतर एका समुपदेशकाकडे त्याची अभिक्षमता चाचणी, म्हणजे आवड नव्हे तर क्षमता मोजणारी चाचणी, करून घेतली. तिच्यातही तर्कक्षमता चांगली निघाली आणि एकसुरी कामातला वेग बेताचा. पण ती वही नसती, तर या आकड्यांचा अर्थ मला तरी लागला नसता.

बहिणीला अकरावी विज्ञान आणि त्याबरोबर महागडा क्लास हवा होता. दहावीनंतर तीन वर्षांची विद्युत पदविका केली, तर पुढे अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, हे मी तिला कागदावर मांडून दाखवले. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पदविकेचे पहिले वर्ष, विशेषतः गणित, इंग्रजीतून जड जाते, हेही लपवले नाही. त्याला ते जड गेलेच, आणि एक विषय राहिला.

आता तो दुसऱ्या वर्षाला आहे. राहिलेला विषय सुटला आहे. सुट्टीत तो त्याच दुकानात जातो, पण मोटारी भरायला नव्हे. ‘पोरगा चंचल आहे’ म्हणणारा तोच दुकानदार गिऱ्हाईक आले की आधी त्याच्याकडे पाठवतो. बहीण मात्र अजूनही दर फोनला विचारते, ‘दादा, पदवी तरी करेल ना रे तो?’